भाऊबंदकी आणि परकी बंदूक

भर पावसाळ्यात हेमलकशाला इतिहास शिकवण्याइतके सोयीचे काम दुसरे नाही. पर्लकोटेला पूर चढला की भामरागडची वाट बुडते, आलापल्लीकडून निघालेली गाडी कुठल्या तरी नाल्याकाठी अडकून पडते, आणि मुले व मास्तर दोघेही चार भिंतींत कोंडले जातात. अशाच एका दुपारी मी वरच्या वर्गाला राघोबादादांचा धडा सांगत होतो. नारायणरावाचा खून, बारभाईंचे कारस्थान, सुरतेचा तह असे ठरल्या वाटेने चालले होते. घरच्या भांडणात परक्याला हाताशी धरणे हे पाप आहे, असे मी जरा आवाज चढवून म्हणालो. तेव्हा मागच्या रांगेतल्या एका माडिया मुलाने विचारले, “गुरुजी, मग नागपूरच्या गोंड राजाकडे भोसल्याला कोणी आणलं?”

प्रश्न साधा होता आणि उत्तर मला ठाऊक होते. तरी ते देताना जीभ अडखळली, हे कबूल करतो. इंग्रजांनी आमची भाऊबंदकी कशी वापरली हे सांगताना आम्हां मराठी मास्तरांना जो त्वेष येतो, तो आपणच दुसऱ्यांची भाऊबंदकी कशी वापरली हे सांगताना येत नाही. त्या दिवशी मुलांना जे तुटक सांगितले, ते येथे नीट मांडून पाहतो. मी मॅट्रिक झालेला मास्तर आणि फावल्या वेळचा कादंबरीकार आहे. संशोधकाचा आव आणण्याचे मला कारण नाही. पण भांडणातली माणसे कशी वागतात हे पाहण्याची सवय कादंबरीकाराला असतेच.

तर आधी नागपूर. बख्त बुलंदशहा ह्या गोंड राजाने हे नगर वसवले आणि त्याचा मुलगा चांदसुलतान ह्याने देवगडहून राजधानी तेथे आणली. १७३९ च्या सुमारास चांदसुलतान वारला. त्याची मुले मागे राहिली, आणि वलीशहा नावाच्या घरच्याच माणसाने गादी बळकावली. राणी रतनकुंवर हिच्यापुढे दोनच मार्ग होते. एक तर मुलांच्या जिवावर पाणी सोडून गप्प बसणे, नाहीतर कोणाला तरी बोलावणे. वऱ्हाडात रघूजी भोसले होता, त्याच्याजवळ घोडदळ होते आणि त्याला नवा मुलूख हवाच होता. राणीने त्याला बोलावले. रघूजी आला, वलीशहाचा पाडाव केला, अकबरशहा व बुऱ्हाणशहा ह्या राणीच्या मुलांना गादीवर बसवले. राणीने त्याला तिसरा मुलगा मानून राज्याचा तिसरा हिस्सा दिला असे सांगतात. मोबदला घेऊन रघूजी परत वऱ्हाडात गेला. येथपर्यंत त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. बोलावले, काम केले, मजुरी घेतली, निघून गेला.

पण वाट माहीत झाली होती. पुढे त्या दोघां भावांतच बिनसले. १७४३ मध्ये बुऱ्हाणशहाने पुन्हा रघूजीला हाक मारली, आणि अकबरशहा निजामाच्या आश्रयाला हैदराबादेस गेला. म्हणजे एका भावाने पश्चिमेकडून शस्त्र आणले, दुसऱ्याने दक्षिणेकडून आणू पाहिले. अकबरशहाचा शेवट हैदराबादेतच झाला. बुऱ्हाणशहा जिंकला, पण त्याने काय जिंकले? ह्या खेपेस रघूजी परत गेला नाही. बुऱ्हाणशहाला राजा ही पदवी, नागपुरात एक किल्लेवजा वाडा आणि सालीना नेमणूक मिळाली. राज्य रघूजीचे झाले. नागपूरच्या महाल भागात गोंडराजाचा तो किल्ला लोक अजून दाखवतात. आमच्या चांद्याचे गोंड राज्यही १७५१ मध्ये रघूजीकडेच गेले, आणि तेथेही लढाईपेक्षा आतली फूट अधिक कामाला आली.

वर्गातल्या मुलाला मी सांगितले, “अरे, राणीनेच आणलं.” तो म्हणाला, “मग राणी वाईट?” ह्याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. जिच्या मुलांच्या मानेवर सुरी आहे तिने शेजारच्या बंदुकीचा विचार करू नये, असे पुस्तकात लिहिणे सोपे असते.

ज्या घराने दुसऱ्याच्या भाऊबंदकीतून राज्य मिळवले, त्या घरात ती एका पिढीत शिरली. १७५५ मध्ये रघूजी वारला. जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी असे चार मुलगे. मुलूख वाटला गेला, त्यात चांदा मुधोजीच्या वाट्याला आला. १७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक वारला. त्याने मुधोजीचा मुलगा दत्तक घेतला होता. साबाजी म्हणे मी वडील, मुधोजी म्हणे गादी माझ्या मुलाची. नेमके त्याच सुमारास पुण्यात पेशव्यांच्या घराला आग लागली, आणि दोन्ही भांडणे एकमेकांना जोडली गेली. राघोबादादांनी मुधोजीचा पक्ष घेतला, तर बारभाईंनी साबाजीचा. एलिचपूरचा पठाण इस्माइलखान मुधोजीकडे आला, निजामाचे सरदार साबाजीच्या बाजूने उतरले. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरच्या दक्षिणेस पाचगावला दोघे भाऊ समोरासमोर आले. साबाजीची सरशी होत होती. त्याने आपला हत्ती मुधोजीच्या हत्तीला नेऊन भिडवला आणि आता शरण ये म्हणून हाक दिली. उत्तरादाखल गोळी आली आणि साबाजी अंबारीतच कोसळला. पुण्याचे भांडण पाचगावच्या माळावर अशा रीतीने अर्धे लढले गेले. उरलेले अर्धे गुजरातेत लढायचे होते.

राघोबादादा हा माणूस मला कादंबरीकार म्हणून नेहमी ओढतो. १७५८ मध्ये ह्याच्या घोड्यांनी अटकेपर्यंत मजल मारली होती. शौर्य होते, पण धीर नव्हता, आणि आपल्या घरात आपल्याला न्याय मिळत नाही ही टोचणी जन्मभर होती. बाहेरचा हात धरण्याची सवयही जुनी. थोरल्या माधवरावाशी पटेना तेव्हा १७६२ मध्ये त्याने निजामाची कुमक घेऊन आळेगावला पुतण्याला नमवले होते. त्या वेळी माधवराव स्वतः चुलत्याच्या छावणीत आला म्हणून प्रकरण घरातल्या घरात मिटले. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला, आणि मग घरातल्या घरात मिटण्यासारखे काही उरले नाही. खून करणारे गारदी म्हणजे पाश्चात्त्य धर्तीवर कवायत शिकलेले, पगारावर ठेवलेले बंदूकधारी. बाहेरची विद्या वाड्याच्या देवडीपर्यंत आधीच आली होती, असेही म्हणता येईल.

१८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर गंगाबाईला मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या सवाई माधवरावाच्या नावाने बारभाईंनी पेशवाईची वस्त्रे आणली. राघोबादादा बंडखोर ठरला. माळव्यातून गुजरातेत गेला, तर तेथे गोविंदराव आणि फत्तेसिंग ह्या गायकवाड बंधूंचे तिसरे भांडण चालूच होते. फेब्रुवारी १७७५ मध्ये हरिपंत फडक्यांनी त्याचा मोड केला. खंबायत, तेथून भावनगर, मग गलबतातून सुरत. आणि ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस तहावर शिक्का झाला.

ह्या तहाची कलमे एकदा सावकाश वाचावीत. मुंबईकर इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, तिच्या खर्चाबद्दल दादांनी दरमहा दीड लाख रुपये मोजायचे. हातात रोकड नव्हती, म्हणून सहा लाखांच्या हमीसाठी घरातले जवाहीर गहाण पडले. शिवाय साष्टी आणि वसई कायमची, गुजरातेतली काही परगणी, भडोच-सुरतेच्या उत्पन्नातला हिस्सा. आता दोन गोष्टी ध्यानात घ्या. वसई पोर्तुगीजांकडून १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने घेतली होती आणि राघोबादादा हा त्याचा सख्खा पुतण्या. मराठ्यांनी रक्ताचे पाट वाहवून मिळवलेला किल्ला ह्याने घरच्या दाव्यापायी लिहून दिला. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ अखेरच हल्ला करून घेतला होता, म्हणजे तहाच्या दोन महिने आधी. दादा आले नसते तरी साष्टी त्यांना हवीच होती. दादांच्या सहीने चोरीचे खरेदीखत झाले एवढेच.

आणि बंदुका चालल्या म्हणाल तर चांगल्या चालल्या. १८ मे १७७५ ला अडासच्या मैदानावर कर्नल कीटिंगने हरिपंतांना मागे रेटले, पण त्यात इंग्रजांची दोनशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. दादांना वाटले आता पुणे. पण ज्या मुंबईकरांनी तह केला, त्यांचाच हात कलकत्त्याच्या वरिष्ठांनी धरला. १७७३ च्या कायद्याने मुंबईवर कलकत्त्याचा अंमल आला होता. आम्हांला न विचारता हे युद्ध का केले, असा जाब तेथून आला आणि कर्नल अप्टन बोलणी करायला पुरंदरास आला. १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहात इंग्रजांनी साष्टी ठेवली, बारा लाख खर्चाबद्दल मागितले, आणि दादांना सांगितले की तुम्ही कोपरगावास पेन्शन घेऊन राहा. दादा त्या बोलण्यांना हजरही नव्हते. ज्याच्यासाठी युद्ध केले म्हणतात त्यालाच न विचारता ते संपवायचे, ही रीत तेव्हापासून आजतागायत बदललेली नाही.

मग दादांचे मोल पुन्हा वाढले कसे? त्याचे कारण पुण्यातही नव्हते आणि मुंबईतही नव्हते. ते समुद्रापार होते. अमेरिकेतील इंग्रज वसाहतींनी आपल्या राजाविरुद्ध बंड केले होते. १७७६ मध्ये बोमार्शे नावाच्या एका फ्रेंच नाटककाराने रॉद्रीग होर्तालेझ आणि कंपनी ह्या खोट्या नावाची व्यापारी पेढी काढली आणि फ्रान्स-स्पेनच्या राजांच्या पैशांनी बंदुका, दारूगोळा, तंबू व कपडे अमेरिकन बंडखोरांना गुपचूप पोचवले. ‘सेव्हिलचा न्हावी’ हे प्रहसन लिहिणारा हाच गृहस्थ. पेढीचे नाटकही त्याने चांगले वठवले. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला इंग्रज सेनापती शरण आला, तेव्हा बंडखोरांच्या हातात बऱ्याच अंशी फ्रेंच बंदुका होत्या. त्याच वर्षी सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील चौलला उतरून पुण्यात आला आणि फ्रेंच पलटणी, तोफा व बंदर ह्यांची भाषा बोलू लागला. ह्या माणसाच्या शब्दामागे पॅरिसचे बळ कितपत होते हे नाना फडणिसांना लवकरच उमगले असावे. तरी त्यांनी त्याला मुद्दाम मानाने वागवले, कारण इंग्रजांना धाक बसावा. धाक बसला, पण फळ उलटे आले. फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकनांशी उघड करार केला, जुलैत कलकत्त्याच्या इंग्रजांनी चंद्रनगर घेतले, आणि पुण्यात फ्रेंच नकोत म्हणून अडगळीत पडलेले राघोबादादा पुन्हा पेशवाईचे खरे वारस ठरले. एका ब्राह्मण घरातल्या दाव्याचा भाव पॅरिसच्या बाजारात ठरत होता, आणि दादांना त्याची वार्ताही नसेल.

नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे चार हजारांची फौज दादांना घेऊन मुंबईहून निघाली. हजारो बैलांचे ओझे घेऊन ती इतक्या मंदगतीने बोरघाट चढली की मराठ्यांना तयारीला हवा तेवढा वेळ मिळाला. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट मारला गेला; त्या शूर शत्रूला मावळातल्या लोकांनी ‘इष्टुर फाकडा’ म्हणून अजून जिभेवर ठेवले आहे. तळेगावला पोचल्यावर पुढे ओसाड मुलूख आणि भोवती महादजी शिंद्यांचे घोडदळ. अवजड तोफा तळ्यात लोटून रात्रीतून माघार घेतली, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी तह पत्करला. दादा महादजीच्या हवाली झाले, वाटेत निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले, युद्ध आणखी तीन वर्षे रेंगाळले.

ह्या काळात नागपूरकर मुधोजीचे वागणे पाहण्यासारखे आहे. नानांनी इंग्रजांविरुद्ध चौघांची जूट जमवली, त्यात बंगालवर स्वारी करण्याचे काम भोसल्यांकडे. भोसल्यांची फौज कटकेपर्यंत गेली आणि बसून राहिली, कारण वॉरन हेस्टिंग्जने लाखो रुपये तिच्याकडे पोचते केले. भावाच्या रक्ताने गादी मिळवलेल्याला बाहेरचा पैसा नाकारणे जड गेले असेल, की दोन्हीकडून घेण्यातच शहाणपण वाटले असेल? मला दुसरे अधिक संभवनीय वाटते.

१७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली. दादांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक, आणि ह्यापुढे इंग्रज त्यांना मदत करणार नाहीत असे कलम. पुढच्याच वर्षी डिसेंबरात कोपरगावाजवळ दादा वारले. त्यांच्या मुलाने, दुसऱ्या बाजीरावाने, ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याच वसईत बसून सहा हजार इंग्रजी फौज आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख असा तह केला. ह्या खेपेस वैरी होता यशवंतराव होळकर. पेशवा पुण्यात परत बसला आणि सोळा वर्षांत पेशवाई बुडाली. तिकडे अमेरिकन वसाहती स्वतंत्र झाल्या; पण ज्या फ्रेंच राजाने त्यांना बंदुका पुरवल्या, त्याचा खजिना त्या युद्धाच्या कर्जाने इतका खचला की १७८९ मध्ये त्याच्याच दाराशी लोक उठले. देणाऱ्यालाही हा व्यवहार नेहमी पचतोच असे नाही.

अलीकडची उदाहरणे वाचकांना ठाऊक आहेत. अफगाणिस्तानात रशियन फौजांविरुद्ध लढणाऱ्यांना अमेरिकेने १९८६ पासून खांद्यावरून डागायची स्टिंगर क्षेपणास्त्रे दिली, आणि काही वर्षांतच ती पैसे मोजून परत विकत घेण्याची वेळ तिच्यावर आली. पण दूरचे कशाला? १९८३ नंतर श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांना आपल्याच देशात शिक्षण आणि शस्त्रे मिळाली. १९८७ च्या जुलैत कोलंबोशी करार झाला. ऑक्टोबरात आपली शांतिसेना त्याच वाघांशी लढू लागली, आणि मार्च १९९० मध्ये ती परत आली तेव्हा अकराशेहून अधिक भारतीय जवान तेथे पडले होते. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. सिंहली सरकारने तमिळांवर जुलूम केला हे खरे. राणी रतनकुंवरीच्या मुलांवर संकट होते हेही खरेच होते. हाक खरी असते, म्हणून तर जाणाऱ्याला आपण धर्मकार्याला चाललो असे वाटते.

आमच्या जंगलातल्या बंदुकीची जात निराळी. १९८० च्या सुमारास गोदावरी ओलांडून नक्षलवादी ह्या बाजूला आले, आणि त्यांच्या हातातली पुष्कळशी हत्यारे पोलिसांकडूनच लुटलेली होती. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तरात २००५ मध्ये ‘सलवा जुडूम’ सुरू झाले. तेथे गावच्याच पोरांच्या हाती सरकारी बंदुका देऊन त्यांना गावच्याच पोरांवर सोडले. हजारो माणसे गावे सोडून गेली. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत नक्षलवाद्यांच्या एका मोठ्या नेत्याने साठ साथीदारांसह हत्यारे खाली ठेवली, त्यांत पोलिसांच्या वापरातल्या इन्सास रायफलीही होत्या. परकी सत्ता ह्यात शोधायला नको. पण माडिया म्हाताऱ्याला विचारा. चंद्रपूर, नागपूर, दिल्ली, वरंगळ ही सगळी गावे त्याला सारखीच लांब वाटतात.

त्या मुलाच्या प्रश्नाला धरून एक हकीकत मी वर्गात शेवटी सांगितली. सन १८५४ मध्ये चांदा इंग्रजांच्या थेट अमलात आला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचा व्यंकटराव उठले. त्यांनी गोंड आणि रोहिले जमवले आणि इंग्रजांना महिनोन् महिने झुंजवले. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याचे दोघे इंग्रज मारले गेले. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनला जंगलात शिरून बाबूराव सापडेना, तेव्हा त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईवर दाब आणला. तिच्या माणसांनी १८ सप्टेंबरला बाबूरावाला पकडून दिले. व्यंकटराव बस्तरात निसटला, पुढे तोही सापडला. त्याची अडपल्ली-घोटची जमीनदारी लक्ष्मीबाईला बक्षीस मिळाली.

“तिला कोणी बोलावलं होतं, गुरुजी?” त्या मुलाने पुन्हा विचारले. मी म्हटले, “ह्या वेळी बोलावणारा इंग्रज होता आणि जाणारी गोंडीण.” तो काही बोलला नाही. बाहेर पाऊस चालूच होता, पर्लकोटेचा आवाज वर्गात ऐकू येत होता.

बाबूरावाला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात पिंपळाला फाशी दिले. तो पिंपळ अजून आहे, आणि दर वर्षी त्या दिवशी लोक तेथे जमतात. कित्येकदा तो दिवस दिवाळीच्या आसपासच येतो. मागे एकदा मी गेलो होतो. अहेरीकडची माणसेही रांगेत उभी होती, घोटकडचीही. ती माझ्यापुढे होती, आणि झाडापाशी पोचेपर्यंत आपसांत धानाच्या भावाबद्दल बोलत होती.